परसबागेतलं साळिंदर आणि वानरं: जीव न घेता बाग कशी राखावी

सातारा शहराच्या वरच्या अंगाला, यवतेश्वरच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: घरामागं दोन गुंठ्यांची परसबाग आहे. रात्रीतून कुणीतरी रताळ्याचा वाफा उकरतं. नारळाची दोन रोपं बुडातून कुरतडून आडवी झालीत. दिवसा वानरांची टोळी येते, पपया आणि पेरू अर्धे खाऊन टाकते. एक शेजारी म्हणतात, औषध टाका. दुसरे म्हणतात, माकडं पकडणारा बोलवा, तो कासला सोडून येईल. मागच्या बांधात एक मोठं बीळ सापडलंय, त्यात धुरी द्यावी का? कुणाचा जीव घ्यायचा नाही, पण बागही सोडवत नाही.

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मनापासून बरं वाटलं. बहुतेक लोक विचारायला येतात तोवर विषाची पुडी घरात आलेली असते. जीव न घेता बाग राखता येते. मात्र रात्री येतो तो उकरणारा आहे आणि दिवसा येतो तो चढणारा. एकाला अडवणारं कुंपण दुसऱ्याच्या खिजगणतीतही नसतं. म्हणून ‘जनावरांवर काहीतरी फवारा सांगा’ या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. कोण येतंय, कशासाठी येतंय आणि कुठून येतंय, या तीन गोष्टी कळल्या की निम्मं काम होतं.

रात्री येतंय ते बहुधा साळिंदर आहे. नारळाचं रोप जमिनीलगत कुरतडून पाडायचं आणि आतला कोवळा गाभा तेवढा खायचा, ही त्याची जुनी खोड. कुरतडलेल्या जागेवर बोट फिरवून बघा. छिन्नीनं तासल्यासारखे रुंद चरे जोडीजोडीनं लागले तर ते साळिंदरच. घुशीच्या दातांचे चरे पुष्कळ बारीक असतात. शिवाय घूस रताळं खालून बोगदा काढून नेते, वेल वर तसाच राहतो आणि दोन दिवसांनी सुकतो, तेव्हा कुठं आपल्याला पत्ता लागतो. रानडुक्कर आलं असतं तर वाफ्याचा मागमूस राहिला नसता, सगळी माती उलटीपालटी होऊन तिच्यात खुरांचे ठसे दिसले असते. ससा मुळाच्या वाटेला जात नाही, कोवळे शेंडे तेवढे तिरके कापून नेतो.

तरी खात्री करून घ्या. संध्याकाळी वाफ्याच्या कडेनं हातभर रुंदीच्या पट्ट्यात बारीक चाळलेली माती पसरा, हलक्या हातानं सपाट करा आणि सकाळी ऊन चढायच्या आत तिरप्या उजेडात माग बघा. साळिंदर तळवा पूर्ण टेकवून चालतं. मागच्या पायाचा ठसा लांबट आणि टाचेसकट उमटतो, कधी त्याच्या मागं काटे घासत गेल्याच्या बारीक रेघाही दिसतात. मग कुंपणाच्या कडेनं वाकून एक फेरी मारा. तार थोडी उचललेली आणि खालची माती गुळगुळीत झालेली अशी एखादी फट सापडेलच. तिथंच एखादा काळा-पांढरा काटा पडलेला असतो. हे जनावर रोज त्याच वाटेनं येतं, त्यामुळं ती फट सापडणं फार मोलाचं.

साळिंदर काटे फेकून मारतं हा समज खोटा आहे. ते पाठ फिरवून उलटं मागं येतं आणि काटे अंगात घुसवतं. म्हणून त्याच्यावर कुत्रं सोडू नका. कुत्र्याच्या तोंडात आणि छातीत काटे मोडून राहतात, त्याचे हाल आपल्याला बघवत नाहीत.

आता त्याला अडवायचं कसं? साळिंदराला उंच चढता येत नाही, पण खणण्यात ते पटाईत. त्यामुळं पाच फुटांचं कुंपण घालून खाली चार बोटं फट ठेवली तर सगळा खर्च वाया गेला. जाळी जमिनीच्या वर अडीच-तीन फूट पुरते. ती फूट-दीड फूट जमिनीत गाडली पाहिजे. यवतेश्वरच्या पायथ्याला वीतभर खणलं की मुरूम नाही तर काळा दगड लागतो, हे मला ठाऊक आहे. तिथं चर खणण्याच्या नादी लागू नका. जाळी खाली आली की बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून दोन फूट जमिनीवर आडवी पसरा, वर दगड ठेवा, माती टाका. जनावर नेहमी कुंपणाच्या अगदी बुडाशी खणायला लागतं. तिथं पायाखाली जाळी लागली की दोन-चार रात्री खटपट करून नाद सोडतं. दोन फूट मागं सरून खणावं, हे त्याच्या लक्षात येत नाही. फाटकाखालीही पक्का उंबरा करून घ्या. कुंपण चोख आणि फाटक मोकळं, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय.

पण सगळ्या दोन गुंठ्यांना जाळी मारलीच पाहिजे असं नाही. ज्याच्यावर त्याचा डोळा आहे तेवढंच झाका. नारळाच्या रोपाला पंधरा लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा वरखाली कापून सरळ आळ्यात बसवा, चार बोटं मातीत गाडा, कापलेल्या कडा आत वळवून ठोका. रोपाचं बूड टणक होईपर्यंत एवढं पुरतं. रताळ्याच्या वाफ्यावर लागवडीनंतर लगेच वेल्डमेशची, म्हणजे सांधे जोडलेल्या कडक तारेची जाळी आडवी अंथरा आणि कडेला दगडांनी दाबा. वेल जाळीतून वर येतो, कंद खाली पोसतात आणि उकरायला आलेल्याच्या नखांना जाळी लागते. काढणीला जाळी उचलली की झालं. आणि गळालेले पेरू रोज दिवेलागणीच्या आत उचला. साळिंदराला पहिल्यांदा बागेत आणतात ती बहुधा पडलेली फळंच, रताळी त्याला नंतर सापडतात. ओल्या कचऱ्याचा खड्डा उघडा असेल तर त्यालाही झाकण करा.

या ठिकाणी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या डोंगरांना वणवे लागतात, म्हणजे बहुतेक वेळा माणसंच लावतात. गवत, झुडपं, कंद, सगळं एका रात्रीत जळून जातं. मग ही जनावरं खाली येतात आणि आपण म्हणतो ती माजली. डोंगर पेटलेला दिसला की लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बागेच्या राखणीतलंच हे काम आहे.

वानरांकडं वळू. तुम्ही वानरं म्हणता, म्हणजे काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, असं धरून चालतो. लाल तोंडाच्या माकडाच्या गालात पिशव्या असतात, ते भराभर तोंडात कोंबून पळतं आणि घरात शिरून डबेही उघडतं. वानराला तशा पिशव्या नसतात. ते बसल्या जागी खातं, आवडलं नाही तर टाकतं, दुसरं तोडतं. पाला आणि कळ्या हेच त्याचं मुख्य खाणं. म्हणून शेवगा, वाल आणि घेवड्याच्या फुलोऱ्यावरही ते हात मारतं.

वानराला भिंत अडवत नाही, काचा लावलेली तर नाहीच. काचा काढून टाका, त्यांनी पिल्लांचे पाय चिरतात आणि टोळी यायची थांबत नाही. रोजच्या भाजीपुरता पिंजरा करणं हा माझ्या अनुभवातला सगळ्यात खात्रीचा उपाय. भाजी आत आणि जनावरं मोकळी. दहा बाय बारा फुटांचा लोखंडी पाइपचा सांगाडा, बाजूंनी आणि वरूनही वेल्डमेश, आत माणसाला उभं राहता येईल एवढी उंची. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, घेवडा, एका घराला पुरेल एवढं त्यात येतं. सातारच्या पावसात साधी जाळी लवकर गंजते, म्हणून चांगला जस्ताचा मुलामा असलेलीच घ्या. खर्च एकदाच होतो. हळद, आलं, गवती चहा, पुदिना, कढीपत्ता पिंजऱ्याबाहेर लावा. वानरांनी यांचं नुकसान केलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

फळं झाडावर पिकवायचा मोह आवरावा लागतो. पपईवर पिवळी रेघ उमटली की काढा, कागदात गुंडाळून ठेवली की घरात छान पिकते. आंबा पाडाला लागला की उतरवून आढीत घाला. केळीचा घड भरत आला की गोणपाटात बांधा. घराच्या छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा. वानर एका उडीत तीन-चार मीटर सहज कापतं, त्यामुळं टीचभर छाटून उपयोग नाही.

हाकलायचं असेल तर वेळ साधावी लागते. टोळी साधारण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या झाडावरून येते. पहिलं वानर कुंपणावर दिसताच थाळी वाजवा, नळीनं पाण्याचा फवारा मारा, आवाज करा. ते पेरू खाऊन झाल्यावर ओरडून काही होत नाही, मजुरी तर त्याला मिळालेली असते. चार दिवस ओळीनं काहीच मिळालं नाही की टोळी वाट बदलते. यात गल्लीची साथ लागते. तुम्ही हाकलायचं आणि पलीकडच्या घरानं गच्चीवर शिळ्या भाकरी ठेवायच्या, तर टोळी तिथंच घुटमळत राहणार. देवाचा प्रसाद म्हणून केळी देणारी माणसं भावनेनं देतात, त्यांना दुखवू नका. पण शांतपणे सांगा की आज हातातून घेणारं उद्या पिशवी ओढतं, आणि मग लोक त्याच जनावरावर काठी उगारतात. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर मक्याची कणसं चारून आपण त्यांचं काय करून ठेवलंय ते डोळ्यांसमोर आहेच.

गोफण, छर्‍याची बंदूक आणि पाइपात कार्बाइड घालून उडवायची ती तोफ, हे सगळं दूर ठेवा. छर्‍यांनी जनावर बहुधा लगेच मरत नाही, जखम घेऊन महिनोन्महिने कुढतं. आणि कार्बाइडच्या स्फोटानं उडवणाऱ्याचेच डोळे जाऊ शकतात. भिंतीवर तार लावायची असेल तर चांगल्या, प्रमाणित कंपनीचं झटका मशीनच लावा. ते साधारण सेकंदाच्या अंतरानं अगदी क्षणभराचा झटका देतं, त्यामुळं शिवलेलं जनावर सुटून मागं जातं. घरातली वीज थेट तारेत सोडणं म्हणजे खून. त्यात डुकरं मरतात तशी पहाटे पाणी द्यायला उठलेली माणसंही मरतात.

आता पकडून कासला सोडण्याबद्दल. हे ऐकायला दयेचं वाटतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलतो. कास म्हणजे कातळाचं पठार. वर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात फुलं, उन्हाळ्यात रखरखीत दगड. तिथं वानरानं खायचं काय आणि रात्री झोपायचं कुठं? सोडलेली जनावरं एक तर पर्यटकांच्या गाड्यांभोवती भीक मागत फिरतात, नाही तर जवळच्या गावात उतरतात. पकडताना आया आणि पिल्लांची ताटातूट होते. नव्या जागी आधीपासूनची टोळी असेल तर ती यांना फाडते.

इकडं तुमच्याकडं काय होतं? वानरांच्या पुष्कळ टोळ्यांत एकच मोठा हुप्प्या असतो. त्याला उचलला की बाहेरचे नर टोळीवर चालून येतात, आणि जिंकणारा नर आधीची तान्ही पिल्लं मारतो. आपल्या शेजारच्या धारवाडजवळ १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं वानरांचा अभ्यास करताना हे नोंदवलं आणि पुढं जोधपूरलाही तेच दिसलं. म्हणजे एक जनावर हलवून आपण पिल्लांच्या मरणाला वाट करून देतो, आणि मोकळ्या जागेत दुसरी टोळी येतेच, कारण पपई अजून तिथंच आहे.

शिवाय कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दात फक्त मारणं येत नाही. पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यातच येतं. वानर, साळिंदर, रानडुक्कर, मोर हे सगळे संरक्षित आहेत. एखादं जनावर खरंच धोकादायक झालं, अंगावर येऊ लागलं, तर १९२६ वर कळवा. पकडायचं की नाही हे वन विभागानं ठरवायचं. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्या अडकतो, कमरेत तार रुतून तडफडतो. कराड-पाटणच्या उसात बिबटे राहतात, हे लक्षात घेतलं तर फास किती भयंकर गोष्ट आहे ते कळेल.

औषधाचं म्हणाल तर उंदीर-घुशींसाठी मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी जनावर लगेच मरत नाही. काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होत, मंदावत मरतं. त्या मंद झालेल्या उंदराला पहिल्यांदा कोण उचलतं? गव्हाणी घुबड, पिंगळा, मुंगूस, तुमचं मांजर. म्हणजे जे फुकट राखण करत होते तेच जातात. थिमेट, म्हणजे फोरेट हे जहाल कीटकनाशक, कुणी देऊ केलं तर घेऊ नका. २०२० च्या अखेरीपासून त्यावर देशात पूर्ण बंदी आहे, तरी जुन्या पुड्या अजून माळ्यावर निघतात. डांबरगोळ्याही वाफ्यात टाकू नका. त्या विषारी असतात, मातीत राहतात आणि पहिल्या पावसात वास उडून जातो. चिकट पॅडवर उंदरांबरोबर पाली आणि चिमण्याही मरतात, तेही तासन्‌तास ओढाताण होऊन.

घूसच असेल तर बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा. दोन-तीन रात्री तो तसाच राहिला तर बीळ रिकामं आहे, मग दगड-सिमेंटनं बुजवा. बोळा बाहेर ढकललेला दिसला तर आत वस्ती आहे, बुजवायची घाई करू नका. आत पिल्लं असू शकतात. आधी तिचं खाणं तोडा.

नायलॉनच्या जाळ्यांबद्दल मला फार तळमळीनं सांगायचंय. पक्षी येऊ नयेत म्हणून तासगाव-मिरजेकडं द्राक्षबागांवर घालतात तसल्या बारीक दोऱ्याच्या जाळ्या लोक आता परसबागेत घेवड्याला, चिकूला गुंडाळतात आणि त्यांचं टोक जमिनीवर लोळत ठेवतात. त्यात सगळ्यात जास्त अडकते ती धामण. ती पुढं घुसते, दोरा खवल्यांखाली जातो, मागं सरता येत नाही, जोर केला की आणखी रुततो. सोडवताना तिचं डोकं कापडानं अलगद धरायचं, बोथट टोकाची कात्री खवल्याला समांतर सरकवायची आणि एकेक दोरा तोडायचा. मानेभोवतीचा शेवटचा दोरा तुटला की ती काही क्षण तशीच पडून राहते, मग अंगभर एक लाट जाते आणि निघते. एका धामणीनं वर्षभरात संपवलेल्या उंदरांचा हिशेब कुणी ठेवत नाही. (हे काम तुम्ही करू नका, सर्पमित्राला बोलवा. अडकलेला साप धामणच आहे हे दुरून सगळ्यांना ओळखता येत नाही.) जाळी लावायचीच तर पांढरी, जाड दोऱ्याची, करंगळी आत जाणार नाही इतक्या बारीक छिद्रांची घ्या, ताणून बांधा आणि जमिनीपासून हातभर वर थांबवा.

तुमचे सगळेच अर्धे पेरू वानरांनी खाल्लेले नसावेत. सकाळी झाडाखाली चावून रस काढलेले चोथ्याचे गोळे सापडले तर ती वटवाघळं. त्यांच्यासाठी फळांना कागदी किंवा जुन्या सुती कापडाच्या पिशव्या बांधा, फळमाशीपासूनही पेरू वाचतात. महाबळेश्वरच्या एका गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांना निपाह या घातक विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणून उष्टं फळ कापून खाऊ नये, पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं उचलू नये, एवढंच. ती फुलांचे पराग वाहतात, रानात बिया पेरतात, त्यांना हुसकावण्याचं कारण नाही. कुठल्याही वन्य जनावराचा चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

आता ते बांधातलं बीळ. धुरी अजिबात देऊ नका. साळिंदराची बिळं खोल आणि फाटे फुटलेली असतात, आत नर, मादी आणि एखाद-दोन पिल्लं एकत्र असू शकतात. धुरानं ती आतच गुदमरतात. शिवाय जुन्या बिळात घोरपड किंवा साप वस्तीला येतो, म्हणजे आत नेमकं कोण आहे तेही आपल्याला ठाऊक नसतं. तोंडाशी मातीचा पट्टा पसरून आठवडाभर माग बघा. ताजे ठसे असतील तर बीळ आहे तिथं राहू द्या आणि बागेची जाळी बांधाच्या अलीकडून न्या. बिळाचं तोंड बागेच्या बाहेर पडलं पाहिजे, म्हणजे त्याला डोंगराकडं जायची वाट मोकळी राहील. जाळीचं काम दिवसा, दोन दिवसांत उरका, आणि शेवटची बाजू बंद करण्याआधी एक रात्र ती उघडी ठेवून सकाळी माग बघा. पावलं बाहेर गेलेली दिसली आणि आत परतलेली नसली, की मगच बंद करा. मुसळधार पाऊस सुरू व्हायच्या आत हे झालं तर जाळीवर टाकलेली मातीही नीट बसेल.